तोंडातली वस्तू

मोतीच्या पोटातून डॉक्टरांनी काढलेला मोजा माझ्या मुलीचा होता, निळ्या पट्ट्यांचा. तो त्याने गिळला माझ्यामुळे. तेव्हा मोती पाच महिन्यांचा होता.

आजोबा रेल्वेच्या नोकरीमुळे जबलपूरला आले, तेव्हापासून आम्ही नेपियर टाउनमध्ये, मागे अंगण असलेल्या घरात राहतो. लॅब्रेडोर आणायचा हट्ट मुलीचा होता, होकार माझा. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. विकणारा म्हणाला, "भैया, छोटा ले जाओगे तो जल्दी हिल-मिल जाएगा," आणि मी विश्वास ठेवला. आणखी तीन आठवडे ते आईजवळ, भावंडांत राहायला हवं होतं. दात जोरात लागला की भावंड कळवळतं, खेळ मोडतो, आणि आपण किती जोरात चावतो हे पिल्लाला तिथे कळतं. आमच्या घरी आलेल्या मोतीला ते ठाऊकच नव्हतं. त्यात मी रोज संध्याकाळी हाताने त्याच्याशी झोंबी खेळायचो, म्हणजे माणसाचा हात चावायला मीच शिकवत होतो.

चौथ्या महिन्यापासून घरात काही सुरक्षित राहिलं नाही. पिल्लाचे दुधाचे 28 दात पडून 42 पक्के दात येण्याचा तो काळ; हिरड्या शिवशिवतात. आईच्या देवघरातला चौरंग, सोफ्याचा हात, मुलीच्या वह्या, दाराशी काढलेल्या चपला, सगळ्यावर त्याचे दात उमटले. आम्ही दोघं नोकरीवर जायचो, आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी त्याला दहा ते पाच अंगणात बांधून ठेवू लागलो. सात तास साखळीला असलेलं पिल्लू संध्याकाळी सुटलं की घरभर उधळायचं. मग मी पेपरची सुरळी उचलायचो. कधी कधी दुपारी कुरतडलेल्या चपलेसाठी संध्याकाळी मारलं. त्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागणं शक्यच नव्हतं.

एका ओळखीच्याने सांगितलं होतं, "दिखा दो मालिक कौन है." कुत्रा लांडग्याच्या कळपातला, त्याला वर कोण आहे ते दाखवावंच लागतं, असं मीही कुठेतरी वाचलं होतं. कळपाच्या प्रमुखाची ही कल्पना ज्यांच्या 1970 मधल्या पुस्तकामुळे जगभर पोचली, त्या डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये ती खोडून काढली होती: रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. हे मला फार उशिरा कळलं. 1948 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात राहून दोन महिन्यांत मी एकदाही कुणा जाणकाराला विचारायला गेलो नाही.

मोज्याचा दिवस असा. मोतीने तो तोंडात धरला, मी ओरडत मागे धावलो, तो पलंगाखाली शिरला. मी वाकून त्याचा जबडा उघडू लागलो आणि त्याने एका घोटात मोजा गिळला. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, खाणं बंद. सोनोग्राफीत आतड्यात अडथळा दिसला. पोट उघडावं लागलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "मुँह से चीज़ छीनते हो, तो बदले में क्या देते हो?"

मी म्हणालो, कुछ नहीं.

"तो उसके पास निगलने के सिवा रास्ता क्या था?"

लॅब्रेडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांसाठी मासे आणि जाळी तोंडात धरून आणत. वस्तू उचलायची, धरायची, माणसाकडे न्यायची, हे मोतीच्या रक्तातच आहे. मी त्याला त्यासाठीच मारत होतो.

टाके सुकल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आधी शब्द ठरवला. मी "सोड" म्हणायचो, कामाला येणाऱ्या बाई "छोड़", मुलगी "ड्रॉप". पिल्लाने काय समजावं? आम्ही "दे" हा एकच शब्द घेतला. मराठीत आणि हिंदीत तो एकच आहे. "दे" म्हणायचं, नाकासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा, वस्तू सुटली की तुकडा द्यायचा आणि धोक्याची नसेल तर वस्तूही परत करायची. हे परत करणं मला सर्वांत जड गेलं. पण दिलेलं परत मिळतं हे कळल्यावर त्याचं पळणं आठवडाभरात कमी झालं.

दोरीची ओढाओढी रोज, पण नियमाने: "दे" म्हटलं की सोडायची, सोडली की खेळ पुन्हा सुरू. दात हाताला लागला की मी उठून जायचो. जेवण वाटीत देणं थांबवलं. निम्मं अंगणातल्या गवतात पसरायचो, निम्मं जुन्या टॉवेलात गुंडाळायचो. वास घेत घेत वीस मिनिटं शोधून तो जितका थकतो, तितका तासभर पळूनही थकत नाही, हा माझा अनुभव. मे महिन्यात इथे डांबर पायाला चटका देतं, म्हणून पहाटे पाचला कॅन्टॉन्मेंटच्या झाडांखालच्या रस्त्यांवर फिरायला. साखळी काढून टाकली. दुपारी शेजारचा मुलगा त्याला खेळवून जातो. उरलेला वेळ शांत खोलीत झोप. या वयाच्या पिल्लाला भरपूर झोप लागते. त्याचं संध्याकाळचं उधळणं बरंचसं अपुऱ्या झोपेचं होतं, आणि मी ते मस्ती समजत होतो.

मोती आता दीड वर्षाचा आहे. चप्पल उचलतो, माझ्यापर्यंत आणतो, "दे" म्हटलं की हातात ठेवतो. पोटावरच्या टाक्यांवर केस आले आहेत. सकाळी वाचून झाल्यावर मी पेपर गुंडाळू लागलो, की तो अजून उठून दुसऱ्या खोलीत जातो.