आईची बाथरूममधली चप्पल

गेल्या दिवाळीला घरी, बार्शीला गेलो होतो. पहिल्याच सकाळी आंघोळीला निघालो तर आई म्हणाली, "चप्पल घालून जा."

मला वाटलं, फरशी निसरडी झाली असेल.

"नाही रे, गरम पाण्याच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. चप्पल असली की नाही येत. बादली भरली की गिझर बंद कर, मग काढ चप्पल."

दाराची कडी जरा वर उचलून लाव, असं सांगावं त्या सुरात ती हे सांगत होती. कधीपासून होतंय विचारलं, तर म्हणाली, "झाले असतील चार-पाच महिने." पप्पा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "पाणी तापतंय ना."

मी इंजिनिअर आहे. पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये चांगले मार्क होते. ओहमचा नियम, किरचॉफचे नियम, सिरीज-पॅरलल, सगळी गणितं यायची. त्यानंतरची सगळी वर्षं कोड लिहिण्यात गेली आणि घरातला एकही स्विचबोर्ड मी कधी उघडून पाहिला नाही. वीज म्हणजे माझ्यासाठी लॅपटॉपच्या कोपऱ्यातली टक्केवारी.

शाळेत आपल्याला पाण्याचं उदाहरण देतात. टाकी जितकी उंच तितका दाब, तो व्होल्टेज. पाइप अरुंद असेल तर अडथळा, तो रेझिस्टन्स. वाहणारं पाणी म्हणजे करंट. उदाहरण चांगलं आहे, पण एका ठिकाणी फसवतं. पाइप कापला तर पाणी सांडत राहतं. वायर कापली तर वीज सांडत नाही, थांबते. तिला परत जायला रस्ता लागतो, आणि तोही जिथून निघाली तिथपर्यंत. "वीज जमिनीत जाते" असं आपण म्हणतो ते अर्धवट आहे. ती जमिनीतून पलीकडे, गल्लीच्या टोकाला असलेल्या डीपीच्या अर्थिंगपर्यंत जाते आणि तिथून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमध्ये परतते.

त्या दिवशी फराळाच्या ताटाशेजारी मी वहीच्या पाठीमागे सर्किट काढलं. डीपीतून फेज, तिथून गिझरचं कॉइल, कॉइलच्या आवरणातून गळती, पाणी, नळ, नळाला लावलेला हात, ओली फरशी, माती आणि परत डीपी. जर्नलमध्ये रेझिस्टर काढायचो तशी नागमोडी रेघ हाताच्या जागी काढली आणि तिच्यापुढे नाव लिहायला पेन थांबलं.

मग उलटं गणित केलं. मुंग्या येतात म्हणजे अंगातून साधारण १ मिलीअँपिअर जात असणार. माणसाला करंट जाणवायला लागतो तो तिथेच. २३० भागिले ०.००१, म्हणजे वाटेतला एकूण रेझिस्टन्स २ लाख ३० हजार ओहमच्या आसपास. ओल्या अंगाचा त्यातला वाटा हजार-दोन हजार. बाकी सगळा अडथळा गिझरच्या आतल्या खराब होत चाललेल्या आवरणाचा. म्हणजे आईला वाचवत होतं ते बिघडलेलं कॉइलच, कारण ते अजून पूर्ण बिघडलं नव्हतं. चप्पल घातली की आणखी एक मोठा रेझिस्टर सिरीजमध्ये येत होता. हे तिने कुठलंही सूत्र न वापरता शोधलं होतं.

हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात असंच केलं होतं. तेव्हा करंट मोजायचं यंत्रच नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या अंगातून झटका घ्यायचा आणि तो किती जोरात लागला यावरून कुठल्या द्रवातून वीज किती सहज जाते हे ठरवायचा. त्यातलं बरंचसं त्याने छापलंच नाही. मॅक्सवेलने १८७९ साली ते प्रसिद्ध केलं. तोवर ओहमच्या पुस्तकालाही पन्नास वर्षं होऊन गेली होती. मला हा किस्सा आधी गमतीचा वाटायचा.

वायरमनला बोलावलं. त्याने गिझरच्या प्लगपासून हिरवी वायर माग काढत परसापर्यंत नेली आणि तिथे थांबला. दोन वर्षांपूर्वी पप्पांनी हौसेने परसात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. अर्थिंगचा खड्डा त्यांच्याखाली गेला होता आणि वायर ब्लॉकच्या कडेला तुटलेली होती. पप्पा काही बोलले नाहीत. कुदळ मात्र त्यांनीच आणून दिली.

नवा खड्डा झाला, मीठ-कोळसा भरला. पण तेवढ्याने भागत नाही हे मला आता वहीतल्या आकड्यांवरून दिसत होतं. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स ५० ओहम आहे आणि उद्या फेज थेट गिझरच्या पत्र्याला टेकली, तर २३० भागिले ५०, साडेचार अँपिअर जातील. आमचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो ढिम्म हलणार नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, त्याला माणूस दिसत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. तो फक्त जमाखर्च पाहतो: फेजमधून जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का? ३० मिलीअँपिअरची तूट दिसायच्या आत तो सगळं बंद करतो. किरचॉफने २१ व्या वर्षी, विद्यार्थी असताना मांडलेला नियमच हा. मी त्यावर आठ मार्कांचा प्रश्न सोडवला होता.

आरसीसीबी बसवला. गिझर चालू केला, तो पडला नाही. गळती अजून त्याच्या हिशोबात येण्याइतकी नव्हती. मुंग्या बंद झाल्या. मी "तरी कॉइल बदला" म्हणालो, पप्पा "बघू" म्हणाले आणि मी पुण्याला आलो. इथे मी चुकलो. कॉइल बदलूनच निघायला हवं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी पप्पांचा फोन आला. "तुझं ते यंत्र सारखं पडतंय. गिझर लावला की घरभर अंधार. वायरमन म्हणतोय, काढून टाकू, डायरेक्ट करून देतो."

मी स्टँडअपमध्ये होतो, तसाच उठून बाहेर आलो. जिन्यात उभं राहून हिशोब केला. आरसीसीबी पडतोय म्हणजे गळती किमान १५ मिलीअँपिअर झाली आहे. २३० भागिले ०.०१५, जेमतेम १५ हजार ओहम. बारा दिवसांपूर्वी दोन लाखांच्या वर होते. अर्थिंग नसतं तर आईच्या अंगातून साधारण १४ मिलीअँपिअर गेले असते. दहाच्या पुढे स्नायू आवळतात आणि धरलेला नळ सुटत नाही.

"पप्पा, ते बिघडलं नाहीये. बारा दिवसांपूर्वीचं आणि आत्ताचं यात पंधरा पटींचा फरक आहे, आणि तो फरक आईच्या हाताला लागला असता."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते कुणाला तरी म्हणाले, "राहू दे ते. गिझर खाली काढ."

दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो आला. परसात पेपरवर ठेवलेलं कॉइल, क्षाराचा पांढरा थर आणि वळणापाशी नखाएवढी चीर. खाली पप्पांनी काहीच लिहिलं नव्हतं.

नवं कॉइल बसलं. संक्रांतीला गेलो तेव्हा मी अनवाणी आंघोळ केली. बाहेर आलो तर दाराशी आई तीच निळी चप्पल पायात सरकवत होती. "आता काही होत नाही गं," म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली आणि चप्पल घालूनच आत गेली.