गणितातले गुण कुठे गळतात?

१९९६ साली मी दहावी पास झालो आणि कॉमर्सच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन रांगेत उभा राहिलो. अर्जात एक विषय निवडायचा होता, गणित किंवा एस.पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. मी गणित लिहिले होते. खिडकीतल्या माणसाने माझे आडनाव वाचले आणि सहज बोलावे तसा बोलला, "तुम्हा लोकांना गणित झेपत नाही. एस.पी. लिही, पास तरी होशील." मी मुकाट्याने गणित खोडले. पुढे बी.कॉम. झालो, कारकुनी मिळाली, संसार उभा राहिला. पण ते वाक्य काही मनातून गेले नाही.

२०२३ साली माझी मुलगी बारावी सायन्सला होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सगळे एकदम इंग्रजीतून. सहामाहीला गणितात ८० पैकी ३७ गुण पडले. रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, गणित आपल्या डोक्याचं कामच नाही." माझा घास हातातच राहिला. खिडकीतल्या माणसाचे वाक्य आता माझी मुलगी स्वतःच्या तोंडाने बोलत होती.

मला इंटिग्रेशन येत नाही, पण हिशेब येतो. कार्यालयात रोजमेळ जुळला नाही तर आम्ही नशिबाला दोष देत नाही. एकेक नोंद तपासून फरक कुठे आहे तो शोधतो. मी म्हटले, "बाळा, पेपर आण. गेलेल्या ४३ गुणांचा हिशेब लावू."

दोन रात्री बसून आम्ही यादी केली. रीतच माहीत नव्हती असे १२ गुण. अधिक-उणे आणि आकडेमोडीत गेलेले ९. प्रश्न नीट न वाचल्याने ५. पायऱ्या गाळल्या किंवा इंटिग्रेशनच्या शेवटी 'प्लस सी' लिहायचे राहिले असे ६. वेळ न पुरल्याने सुटलेले ११. बेरीज बरोबर ४३. म्हणजे तिला खरोखर येत नव्हते ते फक्त १२ गुणांचे. बाकीचे ३१ गुण हातातले गळले होते. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही आणली. प्रत्येक चुकलेले गणित त्यात लिहायचे, चूक कोणत्या प्रकारची ते लिहायचे आणि बरोबर पायरी लिहायची. तेच गणित तीन दिवसांनी व पुन्हा पंधरा दिवसांनी, वहीत न बघता सोडवायचे. दोन्ही वेळा बरोबर आले तरच त्यावर रेघ मारायची.

दुसरी गोष्ट, सोडवलेली उदाहरणे नुसती वाचायची नाहीत. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि परीक्षेत पेन अडते. उदाहरण वाचायचे, पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर लिहायचे. तिच्याकडे बालभारतीचे दोन भाग होते. ते पूर्ण होईपर्यंत गाईड आणले नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. पेपर ८० गुणांचा आणि वेळ ३ तास, म्हणजे १८० मिनिटे. एका गुणाला दोन मिनिटे धरली तर १६० मिनिटे लागतात आणि तपासायला २० उरतात. चार गुणांचे गणित आठ मिनिटांत पुढे सरकले नाही, तर जागा सोडून पुढे जायचे. तिच्या वर्षी पहिल्या २० गुणांना पर्यायच नव्हता. पुढे दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ८ पैकी ५ प्रश्न सोडवायचे होते. पर्याय आहे म्हणून धडे ऑप्शनला टाकले, तर पहिल्या २० गुणांतच फटका बसतो. दर रविवारी जुना पेपर घड्याळ लावून सोडवायचा, असे ठरवले. घड्याळ सांभाळायची तिची आई. ती आठवीपर्यंत शिकलेली, पण वेळ संपली की पेपर ओढून घ्यायची!

चौथी गोष्ट, उत्तराची उलट तपासणी. इंटिग्रेशनच्या उत्तराचे डेरिव्हेटिव्ह घेतले की मूळचे फंक्शन परत यायला हवे. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढला तर मूळ मॅट्रिक्सशी गुणून बघायचे, आयडेंटिटी मॅट्रिक्स यायला हवी. प्रोबॅबिलिटीच्या तक्त्याची बेरीज १ व्हायलाच हवी. आमच्या कार्यालयात याला ताळा करणे म्हणतात.

इंग्रजीचे ओझे तिने स्वतःच हलके केले. 'प्रूव्ह', 'व्हेरिफाय', 'हेन्स' असे शब्द अर्थासकट भिंतीवर लावले. प्रश्नात 'हेन्स' असेल तर आधी काढलेले उत्तरच पुढे वापरायचे असते. हे न कळल्यामुळेही तिचे गुण गेले होते.

संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेत ती आणि दोन मैत्रिणी बसत. एकीने फळ्यावर गणित समजावून सांगायचे, दोघींनी शंका काढायच्या. जी अडायची तिच्या वहीत ते गणित जायचे.

मे २०२४ मध्ये निकाल लागला. लेखी परीक्षेत ८० पैकी ७१ गुण. आमची खोली तीच, लाईट जाणेही तेच आणि मुलीचे डोकेही तेच होते. बदलला तो फक्त हिशेब ठेवण्याचा रिवाज.

पालकांनो, आपल्याला गणित येत नाही म्हणून मुलांच्या अभ्यासापासून लांब राहू नका. मुलाने पेपर घरी आणला की किती गुण पडले एवढेच विचारून रागावू नका. गेले ते कुठे गेले, हे त्याच्या शेजारी बसून शोधा. त्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नाही. आणि कोणी म्हणाले की आपल्या मुलांना गणित झेपत नाही, तर माझ्यासारखे मुकाट्याने खोडू नका.

ती वही आता शेजारच्या अकरावीतल्या मुलाकडे आहे. पहिल्या पानावर मुलीने अजून लिहून ठेवले आहे : गेलेले ४३, त्यातले न येणारे फक्त १२.