कागद, पत्रा आणि शब्द

जुनी अमेरिकन मसल कार विकायला आली की मी आधी कॅमेरा काढत नाही. मागची सीट काढतो. डेट्रॉइटच्या परिसरात माझं हेच काम आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या ऑनलाइन लिलावासाठी तयार करायच्या, फोटो काढायचे, माहिती लिहायची आणि शेवटची बोली लागेपर्यंत विचारणाऱ्यांना उत्तरं द्यायची. सीटच्या स्प्रिंगांत कधीकधी कारखान्यातला कागद अडकलेला सापडतो, उंदरांनी कुरतडलेला, घडीवर फाटायला आलेला. गाडीत काय काय बसवायचं ते त्यावर सांकेतिक अक्षरांत छापलेलं असतं. जमिनीला जसा सातबारा, तसा या गाडीला हा कागद.

त्याला एवढं मोल का, याचं उत्तर मसल कारच्या जन्मात आहे. 1964 मॉडेलच्या टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत पॉन्टिअ‍ॅकच्या जॉन डेलोरिअन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या गाडीचं 389 घनइंची इंजिन बसवलं. तीच जीटीओ. तेव्हा ती स्वतंत्र मॉडेलही नव्हती. जादा पैसे मोजून घ्यायचा संच होता. बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. सांगाडा आणि पत्रा साध्या गाडीचाच, फरक इंजिनाचा आणि मोजक्या भागांचा. त्यामुळे साध्या गाडीला खास म्हणून उभं करणं सोपं. 1970 च्या शेव्हेलचा नुसता चासी नंबर वाचून ती खास एसएस आहे की साधी मालिबू, हे कळत नाही. बिल्ले बाजारात मिळतात, इंजिनंही मिळतात.

डॉजच्या गाड्या जास्त बोलक्या. 1969 च्या चार्जर आर/टीचा नंबर ‘एक्सएस29एल9बी’ असा सुरू झाला, तर एक्स म्हणजे चार्जर, 29 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एल म्हणजे 375 अश्वशक्तीचं 440 मॅग्नम इंजिन, 9 म्हणजे साल आणि बी म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना. याच नंबराचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेला असतो. तो वाचायचा तर गाडी लिफ्टवर घ्यायची, सॉल्व्हंटच्या फडक्याने हळूहळू मळ काढायचा आणि टॉर्च तिरपी धरायची. तिथे तारेचा ब्रश मी लावत नाही. आधी कुणी नंबर घासून नवा ठोकला असेल, तर त्या ओरखड्यांचाही फोटो हवा.

मग पत्रा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडी खातं. चार्जरची मागची काच दोन उतरत्या खांबांमध्ये खोल बसवलेली असते. तिच्या खालच्या पन्हाळीत पाणी साचतं आणि गंज तिथून सुरू होतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मी पॅनेलमागून पॅनेल फिरवतो. आकडा शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असला तर चांगलं. हजाराच्या पुढे गेला की आत लांबी भरलेली आहे हे नक्की. ओल्या गाडीचे फोटो घेत नाही, कारण पाण्याखाली कसलाही रंग झळकतो.

गंजाचे फोटो पाहून मालकाची मुलं अस्वस्थ होतात. ‘एवढं कशाला दाखवायचं?’ त्यांना मी सांगतो, बोली लावणारा हजार मैलांवर बसलाय. तो वाकून खाली बघू शकत नाही, दार लावून त्याचा आवाज ऐकू शकत नाही. जे दाखवलं नाही, ते तो आहे त्याहून वाईट धरून चालतो आणि तेवढे पैसे बोलीतून कापतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाचा व्हिडिओही तसाच न कापता घ्यायचा. आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर हात ठेवून ते थंड आहे हे दाखवायचं. मग पेडल एकदा तळापर्यंत दाबायचं, म्हणजे कार्ब्युरेटरचा चोक बसतो, आणि चावी फिरवायची. निळा धूर निघाला तर तोही दिसू द्यायचा. मैलांच्या बाबतीत तर जपून लिहावं लागतं. या गाड्यांचा मीटर पाच आकडी. 99,999 नंतर पुन्हा शून्य. मीटरवर 38 हजार दिसत असले आणि जुनी बिलं नसली, तर ‘मीटरवर 38 हजार, खरे मैल अज्ञात’ एवढंच लिहायचं.

जसं आहे तसं दाखवलं म्हणून भाव पडतोच असं नाही. ‘बुलिट’ या 1968 च्या चित्रपटातली अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनची मस्टँग जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडात प्रत्यक्ष लिलावात विकली गेली, 37 लाख 40 हजार डॉलरना. तिला नवा रंग दिलेला नव्हता. मळ, गंज, चित्रीकरणाच्या खुणा तशाच होत्या, आणि सोबत गाडी परत विकत मागणारं मॅक्वीनचं 1977 चं पत्र. तेवढं भाग्य सगळ्या गाड्यांचं नसतं, पण कागद आणि पत्रा एकच गोष्ट सांगत असले की बोली लावणाऱ्याचा हात मोकळा होतो. ऑनलाइन लिलावात शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. त्या वेळी समजावून सांगायला अवधी नसतो. पुढचा आकडा टाकायचा की थांबायचं, हे माणूस आधी वाचलेल्यावर ठरवतो.

मूळ इंजिन गेलेल्या गाड्याही मी आनंदाने घेतो. ‘हे या गाडीचं मूळ इंजिन नाही’ हे वाक्य सगळ्यात वर लिहितो. भाव उतरतो, पण गाडी खरंच चालवायची आहे अशा माणसाला ती परवडते. खोट्या आर/टीपेक्षा खऱ्या साध्या चार्जरचा मान मला मोठा वाटतो. आणि लिलाव संपला तरी मी लिहिलेलं संपत नाही. नवा मालक ते छापून गाडीच्या फाइलला लावतो, त्याच्या पुढचा ते वाचून पैसे मोजतो. आज मी वाढवून लिहिलेला एक शब्द वीस वर्षांनी पुरावा म्हणून कुणापुढे ठेवला जाईल. म्हणून माहिती पाठवण्याआधी प्रत्येक ओळ मी गाडीशेजारी उभं राहून पुन्हा ताडून बघतो. जी पटत नाही, ती काढून टाकतो.