पहिली ठिणगी

“मला राग आला, त्याला मी काय करणार?” हें वाक्य वर्गांत मीं अनेकदां ऐकिलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर स्वतःही उच्चारिलें आहे. तें कितपत खरें, याचा विचार करावयास एका विद्यार्थ्यानें मला भाग पाडिलें.

कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता सातवीच्या वर्गांत भूमितीचा तास चालूं होता. गृहपाठ न आणिल्याबद्दल मी एका मुलास बोलूं लागलों, तों तो हंसला. माझा स्वर चढला. तसतसें त्याचें हंसूंही वाढलें. हा माझा उपमर्द करीत आहे असें वाटून मीं त्याला तासभर वर्गाबाहेर उभें केलें. सायंकाळीं त्याची आई आली. ती म्हणाली, “सर, तो भ्याला म्हणजे असाच हंसतो हो. लहानपणापासूनची खोड आहे. घरीं येऊन ढसढसा रडला.”

माझा राग तत्क्षणीं ओसरला. दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर मीं त्याची क्षमा मागितली, तेव्हांही तो हंसला. मला राग आला नाहीं. चेहरा तोच, हंसूं तेंच. पालटला होता तो केवळ मीं लाविलेला अर्थ.

हा विचार जुनाच आहे. गुलामगिरींतून वर आलेला एपिक्टेटस हा तत्त्ववेत्ता सुमारें १९०० वर्षांपूर्वीं शिकवीत असे कीं, मनाचा क्षोभ घटनेंतून नव्हे, तर तिजविषयींच्या आपल्या समजुतींतून उपजतो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शस्त्रक्रियेचा किळसवाणा चित्रपट दाखविला. कांहींना चेहऱ्यावर भाव दिसूं न देण्यास सांगितलें. कांहींना तटस्थ, वैद्यकीय दृष्टीनें पाहण्यास सांगितलें. पहिल्यांचे चेहरे शांत दिसले, पण किळस उणावली नाहीं. उलट शरीरावरील ताण वाढला. दुसऱ्यांना मुळांत किळसच कमी वाटली.

म्हणजे भावना दाबणें निराळें आणि तिचा पाया तपासणें निराळें. रागाची पहिली ठिणगी आपल्या हातीं नसते. आजही माझे कान तापतात. परंतु तिजवर इंधन घालावें कीं नाहीं, हें ठरविण्यापुरती सवड बहुधा मिळते, आणि ती साधणें सवयीनें सोपें होतें. मात्र प्रत्येक भावना पालटावी असें नव्हे. दुर्बलावरील अन्याय पाहून येणारा संताप, आप्त गेल्यावरचें दुःख, हीं खऱ्या अर्थावरच उभीं असतात. त्यांना खोटा अर्थ चिकटवून शांत होणें ही आत्मवंचना होय.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें “मला राग आला” असें म्हणाल, तेव्हां त्यास एवढेंच जोडा: “कारण मला असें वाटलें.” मग तें वाटणें खरें होतें काय, हें विचारून पहा. आम्हां वडीलधाऱ्यांसही हा गृहपाठ चुकविण्याची सवलत नाहीं.