हरिश्चंद्रगडावर फोनला आधी आकाश दाखवा!

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर जायचा बेत आहे? मग बॅग भरताना फोनचीही थोडी तयारी करा.

खिरेश्वरहून निघालात की साधारण तासाभरात तोलार खिंड येते. तिथलं दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प जरूर पाहा. पुढे रेलिंग लावलेला कातळ चढलात की खरी परीक्षा सुरू होते. मंदिरापर्यंत झाडी, चढउतार आणि एकसारख्या दिसणाऱ्या पायवाटा. धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचंही दिसत नाही.

मागच्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ तिथेच अडकलो. फोनमधला निळा ठिपका पायवाट सोडून थेट दरीत जाऊन बसला. "ताई, मॅपवर आपण दरीत आहोत!" तो हसत म्हणाला, पण आवाज कापत होता.

असं का होतं? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. फोनला जागा नीट ठरवायला त्यातले किमान चार दिसावे लागतात. दाट, ओली पानं सिग्नल कमजोर करतात. कड्यावर आपटून आलेला सिग्नल लांबून येतो, म्हणून फोनचा हिशेब चुकतो.

आम्ही चालणं थांबवलं. आलो त्याच वाटेने मागे, मोकळ्या कातळावर गेलो. खिशातला फोन हातात घेतला, अंगापासून थोडा दूर, स्क्रीन आकाशाकडे करून धरला आणि पाच मिनिटं शांत उभे राहिलो. ठिपका हळूहळू पायवाटेवर परतला. तेव्हा कुठे जिवात जीव आला!

तुम्ही एवढं नक्की करा:

• घरीच ऑफलाइन मॅप डाउनलोड करा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं.

• नेटवर्क आहे तोवरच, गावातल्या मोकळ्या जागेत लोकेशन सुरू करा. नेटवर्कमुळे उपग्रहांची माहिती पटकन मिळते. नंतर फोनला ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, मध्येच सिग्नल तुटला तर पुन्हा थांबावं लागतं.

• बॅटरी सेव्हर बंद ठेवा, काही फोनमध्ये तो लोकेशनवर मर्यादा आणतो. पॉवर बँक सोबत असू द्या.

• बाण चुकीच्या दिशेला वळतोय? फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा. याने दिशा सुधारते, जागा नाही.

• फोन पँटच्या खिशात नको, सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

आणि एक लक्षात ठेवा. ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो, पुढचा दगड निसरडा आहे हे सांगत नाही. त्यासाठी गावातला वाटाड्या सोबत घ्या. आम्ही पुढच्या खेपेला घेतला. त्या काकांनी संपूर्ण वाटेत एकदाही फोन काढला नाही!