दिवाणजी बदलताना

गेल्या वर्षी पेढीवरच्या लॅपटॉपमधील जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ५०० जीबीची सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवली. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवून घेतल्याने किर्द-खतावणीपासून उधारीच्या यादीपर्यंत सारे जागच्या जागी होते. पूर्वी विंडोज सुरू होईपर्यंत चहाचा कप रिकामा होई; आता बशी उचलण्याचीही उसंत मिळेना.

तेथेच थांबायला हवे होते. तीन आठवड्यांनी एका परिचिताने सांगितले, की बायोसमध्ये ‘रेड’ पद्धत निवडलेली आहे. ती ‘एएचसीआय’ करा, वेग आणखी वाढेल. रेड ही अनेक डिस्क एकत्र चालवण्याची व्यवस्था. माझी ड्राइव्ह एकच. पण लॅपटॉप आला तेव्हापासून तीच पद्धत चालू होती. त्या दिवशी तारीख १९. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत. अशा दिवशी असला उद्योग करू नये, हे कळण्याइतके माझे वय आहे, तरी केला. विंडोजऐवजी निळा पडदा आला. जुनी डिस्क कपाटात होती खरी, पण तिच्यात मधल्या तीन आठवड्यांच्या नोंदी नव्हत्या.

पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, काही पुसू नका. बायोसमध्ये पुन्हा रेड करा.” केले, आणि पेढी परत उघडली.

ड्राइव्हर हा वखारीचा दिवाणजी. माल आत सुरक्षित असतो, पण विंडोज स्वतः आत जात नाही; दिवाणजीकडून मागवते. रेड पद्धतीत किल्ल्या इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्राइव्हरकडे. मायक्रोसॉफ्टचा एएचसीआय ड्राइव्हर विंडोजमध्ये असतोच. पण कामच नसल्याने सुरुवातीला त्याला कोणी उठवत नाही. मी नुसते कुलूप बदलले होते.

विवरणपत्र भरून, सर्व हिशेबांची प्रत काढून, रविवारी पुतण्याने सांगितल्याप्रमाणे पुन्हा बसलो. प्रथम विंडोजला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्यास सांगितले, मग बायोसमध्ये एएचसीआय केले. सेफ मोडमध्ये विंडोज हा ड्राइव्हर जागा करते. नंतर सेफ मोड काढून टाकला. (बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी, नाहीतर ऐनवेळी ४८ अंक आठवत बसावे लागेल.)

एएचसीआयवरही इंटेलचा ड्राइव्हर बसवता येतो. मी नाही बसवला. एका ड्राइव्हला मायक्रोसॉफ्टचा पुरतो. ‘ट्रिम’ चालू आहे एवढे तपासले. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला त्यामुळे कळते. तेवढा माल ती उगाच इकडून तिकडे हलवत नाही.

वेग वाढला का? मला तरी फरक जाणवला नाही. वेग आला तो ड्राइव्हमुळे. सुरळीत चालणारे रेड मी आज बदलले नसते.

याउलट, धाकट्याच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने घालताना यादीत ड्राइव्हच दिसेना. ती खराब निघाली असे समजून तो लॅपटॉप परत करायला निघाला होता. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत ‘व्हीएमडी’ चालू असते, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवर तिचा ड्राइव्हर बहुधा नसतो. येथे इंटेलचाच दिवाणजी हवा होता. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून तो दिला, आणि ड्राइव्ह यादीत आली.