उरल्याच्या फाटकावरचा परदेशी

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने निघाले, की शहराची घरे हळूहळू मागे पडतात आणि धुराडी दिसू लागतात. बिरगावला लागून असलेली ही उरल्याची औद्योगिक वसाहत. इथे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, सळयांचे कारखाने आहेत. झाडांची पानेसुद्धा धुळीने काळवंडलेली. पाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांवर छत्तीसगढी, भोजपुरी, उडिया अशा बोली एकदम कानावर पडतात.

अशा एखाद्या कारखान्याच्या फाटकावर नेपाळी पहारेकरी दिसला, तर कुणालाच नवल वाटत नाही. त्याचे नाव काहीही असो, लोक त्याला सरसकट ‘बहादूर’ म्हणतात. पण तो चक्क परदेशी नागरिक आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते?

त्याची वाटही सोपी. सोनौलीची सीमा पायी ओलांडायची, जवळच्या नौतनव्याला दुर्गची गाडी पकडायची आणि रायपूरला उतरायचे. व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही, तरीही सारे कायदेशीर!

याचे मूळ ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारात आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली. केंद्र सरकारच्या अनेक नोकऱ्यांची दारेही पात्रतेच्या दाखल्यावर नेपाळी उमेदवारांना उघडी आहेत. आयएएस, आयपीएस मात्र नाही आणि मतदानाचा हक्कही नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ही सवलत नागरिकाला आहे, रहिवाशाला नव्हे. तिसऱ्या देशाचा माणूस नेपाळमध्ये कितीही वर्षे राहिलेला असो, भारतात काम करायचे तर त्याला या कराराचा आधार मिळत नाही.

याची दुसरी बाजू छत्तीसगडमध्येच पाहायला मिळते. सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या थंड पठारावर १९६०च्या दशकाच्या आरंभी तिबेटी निर्वासित वसले. तिथे त्यांची शेती आहे, मठ आहेत. मुले-नातवंडे याच मातीत वाढली. पण ज्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलेले नाही, त्यांच्यापाशी नोंदणीचा दाखला असतो, पासपोर्ट नसतो. भारतीय माणूस ज्या कराराच्या आधारे नेपाळात जाऊन राहू शकतो, त्याचा लाभ त्यांना नाही.

एक जण काल आला आणि हक्काने कामाला लागला. दुसऱ्याच्या दोन पिढ्या इथे गेल्या, तरी सीमेपाशी त्याचे पाय थबकतात. फरक फक्त एका कागदाचा!

आपल्या इमारतीच्या फाटकावरही असाच कुणी ‘बहादूर’ उभा असेल. त्याच्या नागरिकत्वाच्या दाखल्याची एक प्रत जपून ठेवावी आणि एकदा त्याचे खरे नावही विचारावे. त्या दाखल्यावर ते लिहिलेलेच असते.